पोळ्याच्या आदल्या दिवसाचा बॅकअप

अंगद आता फर्दापूरला असतो. अजिंठ्याची लेणी बघायला आलेली मंडळी जिथं मुक्कामाला राहतात, तिथल्या एका लॉजवर बुकिंगच्या कॉम्प्युटरसमोर बसतो आणि पाहुण्यांना वायफायचा पासवर्ड सांगतो. आमच्या कारखान्यात त्याचं नाव निघालं की लोक आवाज खाली घेतात, जणू तो काही चोरून पळाला. चोरलं असतं तर बरं झालं असतं, निदान त्याच्या पदरात काही पडलं असतं. मला आवाज खाली घेता येत नाही. आमच्या माहेरी ते कुणालाच येत नाही. म्हणून त्याच्याबद्दल मीच लिहिलेलं बरं.

कारखाना वाळूजला. मोटारसायकलचे लोखंडी भाग पॉवर प्रेसखाली दाबून काढायचे आणि मोठ्या कंपनीला पाठवायचे, एवढाच आमचा धंदा. पाठवायचं काम माझ्याकडं. अंगद सगळे कॉम्प्युटर सांभाळायचा. त्याची आणि माझी खुर्ची पाठीला पाठ लावून होती, त्यामुळं तो दिवसातून किती वेळा उसासा टाकतो हे त्याच्या बायकोपेक्षा मला जास्त माहीत. कागदावर तो कारखान्याचा माणूस नव्हताच, कॉन्ट्रॅक्टरचा होता. आमचे मालक नानासाहेब दर दसऱ्याला त्याच्या हातावर आपट्याचं पान ठेवून म्हणायचे, "अंगदराव, औंदा तुमचं परमनंटचं करून टाकू." सोनं म्हणून पान देण्यात आमच्या मालकांचा हात कुणी धरणार नाही.

अंगद धनगराच्या घरातला. वडील मल्हारराव अजिंठ्याच्या डोंगरात मेंढरं घेऊन फिरले, आई राजाबाई घोड्यावर संसार लादून त्यांच्या मागं. भावंडांत हा एकटाच वसतिगृहात राहिला, शिकला, डिप्लोमा झाला आणि वाळूजला येऊन चिकटला. बोलणं कमी. कुणी काही विचारलं की उत्तर द्यायच्या आधी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसायचा. मी म्हणायची, "अरे, तू तोंडानं बोलतोस का चष्म्यानं?" तो हसायचा आणि दुसरी काच पुसायला घ्यायचा.

कॉम्प्युटरमध्ये जे काही आहे त्याची नक्कल रोज रात्री आपोआप वेगळ्या डिस्कवर उतरते, तिला बॅकअप म्हणतात, हे आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. बाकीचे लोक तेवढ्यावर निवांत झोपतात. अंगद झोपायचा नाही. नक्कल उघडून बघितल्याशिवाय ती आहे असं धरायचंच नाही, हा त्याचा नियम. नानासाहेबांच्या घराण्यात अमावस्येला कामाला हात लावत नाहीत, म्हणून आमचा कारखाना दर अमावस्येला बंद. त्या सुट्टीच्या दिवशी अंगद डबा घेऊन यायचा आणि स्टोअरमधल्या जादा कॉम्प्युटरवर अख्खा सर्व्हर नकलेवरून परत उभा करून बघायचा. त्याला तो व्हर्च्युअल मशीन म्हणायचा. मला त्यानं एकदा समजावून सांगितलं होतं: एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर. त्याला लोखंड नाही, तार नाही, नुसती एक मोठी फाईल. पण आतून त्याला वाटतं, आपण खरे आहोत.

"म्हणजे आपल्या कॉन्ट्रॅक्टच्या माणसांचं उलटं," मी म्हटलं. "ते खरे असतात आणि कागदावर नसतात."

त्यावर त्यानं बराच वेळ चष्मा पुसला.

पोळ्याची अमावस्या मात्र वेगळी. नानासाहेबांचे वडील आप्पासाहेब कारखान्याच्या आवारातल्याच बंगल्यात राहतात. आज जिथं शेड आहे तिथं त्यांनी उभं आयुष्य नांगर धरला. जमिनीवर कारखाना आला, बैल विकले, पण आप्पांना पोळा काही विकता येईना. मग त्यांनी प्रेसचाच पोळा सुरू केला. आदल्या दिवशी संध्याकाळी खांदेमळणी. बैलाच्या खांद्याला चोळतात तसं हळद आणि तूप प्रेसच्या चौकटीला चोळायचं आणि म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी प्रत्येक प्रेसला झेंडूची माळ, बेगड आणि पुरणपोळीचा घास. आणि सकाळी सगळ्यात आधी आप्पा काठी टेकत यायचे आणि स्वतःच्या हातानं मेन स्विच खाली ओढायचे. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, मग मशीनच्या अंगात वीज कशी ठेवायची? शेजारच्या कारखान्यांतले लोक हसायचे. आम्ही पुरणपोळी खायचो आणि हसणाऱ्यांकडं बघायचो नाही.

चालता सर्व्हर असा वीज तोडून बंद पडला तर आतल्या डिस्कचं वाटोळं होऊ शकतं. अंगदला आप्पांचा रिवाज माहीत होता. म्हणून तो खांदेमळणीच्या संध्याकाळी सर्व्हर रीतसर बंद करायचा, आप्पांच्या आग्रहाखातर त्यालाही हळदीचं बोट लावायचा आणि मग सणाला गावची गाडी धरायचा. एकही साल चुकलं नव्हतं.

यंदा खांदेमळणीच्या दुपारी मोतीरामचा हात प्रेसखाली गेला.

मोतीराम आमच्याकडचा सगळ्यात जुना ऑपरेटर, आणि तोही कॉन्ट्रॅक्टचाच. बजाजनगरला दोन खोल्या, बायको साळूबाई, आणि बीसीए करून घरी बसलेली मुलगी सोनिया. मोतीराम ज्या प्रेसवर होता तिला एक सेन्सर आहे. आत हात असला की प्रेस खाली येत नाही. पण तो सेन्सर मधूनच विनाकारण प्रेस थांबवतो, माल मागं पडतो, म्हणून वरच्या हुकमानं एक तार जोडून त्याचं तोंड बंद केलेलं होतं. हे सुपरवायझरला माहीत होतं, ऑपरेटरांना माहीत होतं, डिस्पॅचला बसणाऱ्या मलाही माहीत होतं. सणाआधी माल काढायची घाई होती. शेडच्या गोंगाटात ओरडणं ऐकू येत नाही. एकापाठोपाठ एक प्रेस थांबत गेल्या तेव्हा आम्हाला कळलं. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

बाकीचे कपडा आणा, पाणी आणा करत होते तोवर अंगदनं मोतीरामला टेम्पोत घातलं, त्याचा हात आपल्या छातीशी उंच धरला आणि दवाखाना गाठला. पोळ्याचा दिवस सरेपर्यंत तो तिथंच होता. इकडं संध्याकाळी ती प्रेस धुऊन घेतली आणि हळद-तूप सगळ्यात आधी तिलाच लावलं. आप्पा म्हणाले, "रागावली हाय ती. तिला पयलं आवतण द्या." मी आप्पांना वाईट म्हणणार नाही. त्यांच्या लेखी बैलानं शिंग मारलं होतं, एवढंच. तारेचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

या सगळ्या गडबडीत सर्व्हर बंद करायचा राहिला. पोळ्याच्या सकाळी आप्पा आले आणि त्यांनी मेन ओढला. बॅटरी थोडा वेळ कोकलली, मग संपली. सण होऊन दुसऱ्या दिवशी वीज आली, तर सर्व्हर उठलाच नाही.

अंगद दवाखान्यातून आला तो त्याच कपड्यांत, बाहीवर वाळलेले डाग. त्यानं बॅकअपची डिस्क सर्व्हरच्या कपाटातून काढली आणि स्टोअरमधल्या जादा कॉम्प्युटरवर काम सुरू केलं. मोठ्या कंपनीला माल द्यायचा होता, ड्रॉइंग, ऑर्डरी, चलनं, सगळं त्या सर्व्हरवर. नानासाहेब मागं येऊन उभे राहिले. मीही उभी होते. माझी चलनं अडकली होती.

पहिल्यांदा निळा पडदा आला आणि मशीन बंद पडलं. अंगद म्हणाला, घाबरू नका, नव्या घरात आलंय, डिस्क ओळखीची वाटत नाही त्याला. त्यानं आत जाऊन डिस्कचा प्रकार बदलला. मग आमचं ते जुनं सॉफ्टवेअर रुसलं. ते फक्त जुन्या सर्व्हरच्याच नेटवर्क कार्डाला ओळखायचं. अंगदनं जुन्या कार्डाचा नंबर या मशीनला दिला. मी म्हटलं, "नवरीचं नाव बदलून नांदायला पाठवतोय जसा." नानासाहेब हसले नाहीत. ते दुसऱ्याच विचारात होते.

"किती परत येतंय?" त्यांनी विचारलं.

"समदं, मालक. खांदेमळणीच्या रातचा बॅकअप निघालेला हाय. तिथपर्यंतचं येतं."

"त्याच्या आदल्या दिवसाचा बी असंल ना?"

"हाय."

"मग तो आण. एक दिवस गेला तर गेला. पोळ्यात मशीन जळालं, कोण इचारतंय?"

मला कळायला एक क्षण लागला. कारखाना निरीक्षक येणार होते. दवाखान्यातून खबर गेली होती. कॉन्ट्रॅक्टरच्या मस्टरवर मोतीराम त्या दिवशी रजेवर आहे असं लिहून झालं होतं. कॅमेरे नेमके त्याच दुपारी बिघडले होते. आमच्याकडचे कॅमेरे फार हुशार आहेत. उरला होता तो सर्व्हर. प्रेस चालू करताना ऑपरेटरला अंगठा लावावा लागतो, आणि प्रेस किती वेळा खाली आली तेही आपोआप नोंदलं जातं. मोतीरामनं त्या दिवशी सकाळी अंगठा लावलेला होता. ती नोंद राहिली, तर कामावर हात गेला हे ठरत होतं. त्याला विम्याची जन्मभराची पेन्शन होती, आणि तारेचा जाब मालकाला द्यावा लागणार होता. ती नोंद गेली, तर मोतीराम एक थोटा माणूस, ज्याचा आमच्याशी काही संबंध नाही.

अंगदनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नाय मालक. जे हाय ते येईल."

आणि त्यानं खांदेमळणीच्या दिवसाचाच बॅकअप उभा केला. पडद्यावर सगळं जसंच्या तसं आलं. मोतीरामचं नाव, सकाळचा अंगठा, प्रेसचे आकडे, आणि दुपारी आकडे थांबलेले. नानासाहेबांनी ते वाचलं. "बरं," म्हणाले, आणि निघून गेले. ओरडणारा मालक परवडला. हा "बरं" म्हणून जातो तेव्हा घरी जाऊन देवापुढं दिवा लावावा.

निरीक्षक आले तेव्हा आम्हाला सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. मोतीरामला मालकाच्या गाडीतून आणलं होतं. हात गळ्यात अडकवलेला, दाढी वाढलेली. निरीक्षक मला माणूस बरा वाटला. त्यांनी मोतीरामला खुर्ची द्यायला लावली आणि सरळ विचारलं, "हात कशात गेला?"

मोतीराम खाली बघत म्हणाला, "कडबाकुट्टीत, साहेब. पोळ्याला गावी गेल्तो, वेरूळकडं. बैलाला कडबा कापत हुतो. कामावर नव्हतो मी."

मोतीरामकडं बैल नव्हता. त्याच्या गावाकडं एक पडकी खोली आणि भावाशी भांडण, एवढंच होतं. ज्या ऑपरेटरनं त्या दुपारी धावत जाऊन कपडा आणला होता तो माझ्या शेजारी उभा होता आणि छताकडं बघत होता. मी माझ्या चपलेकडं बघत होते. प्रत्येकाला घर असतं, हप्ते असतात, हे खरं आहे. आणि ते खरं असलं म्हणून आपण कमी भेकड ठरत नाही, हेही खरं आहे.

"साहेब," मागून अंगदचा आवाज आला, "सर्व्हरमधी नोंद हाय त्या दिवसाची. मोतीराममामाचा अंगठा हाय."

सगळ्या माना वळल्या. निरीक्षकांनी अंगदकडं बघितलं, मग मोतीरामकडं, मग नानासाहेबांकडं. ते म्हणाले, "जखमी माणूस स्वतः नाही म्हणतोय. पण नोंद असेल तर बघावी लागेल. तिची रीतसर नक्कल घ्यायला आमचा माणूस लागतो. सोमवारी त्याला घेऊन येतो."

नानासाहेब निरीक्षकांना गाडीपर्यंत सोडायला गेले. अगदी अदबीनं, दार उघडून.

त्या संध्याकाळी सुटल्यावर मी आणि अंगद गेटबाहेरच्या टपरीवर चहा घेत होतो. मोतीराम तिथं चालत आला. अंगदनं उठून त्याला बाकावर जागा दिली. तो बसला नाही.

"अंगदभाऊ, तुमाला माझं वकीलपत्र कुनी दिलं हुतं?"

"मामा, बोटं तुमची गेली."

"व्हय. माझी गेली. तुमची नाय ना? मग तुमी कामून बोललात?"

"तुमाला पेन्शन मिळंल. जन्मभर मिळंल, मामा. नोंद हाय तर कुणी नाय म्हणू शकत नाय."

"कवा मिळंल? केस चालंल, मालक वकील लावंल, त्यो तारखा घेईल. तवर साळूबाई काय शिजवंल, तुमची नोंद?" मोतीरामचा आवाज फाटला. टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला. "मालक घरी आल्ते. माझ्या घरी, बजाजनगरला, त्या खोलीत. लई चांगलं बोलले. म्हनले, सोनियाला परमनंट घेतो. हापिसात. खुर्चीवर. आमच्या खानदानात खुर्चीवर कुनी बसलं नाय, अंगदभाऊ. तीन बोटांत पोरीचं होत असलं तर मला महाग नाय पडलं."

अंगदनं विचारलं, "कुठल्या खुर्चीवर?"

चहाचा ग्लास कुणीतरी मोतीरामपुढं केला होता, तो त्यानं डाव्या हातानं घेतला आणि तसाच परत ठेवला. तेव्हा मला समजलं. अंगदला माझ्या आधी समजलं असणार, नाहीतर त्यानं विचारलंच नसतं. कॉम्प्युटर सांभाळायची खुर्ची आमच्या हापिसात एकच होती.

"माझं काय नाय, मामा," अंगद म्हणाला. "पण खोटं तुमच्या तोंडून गेलं."

"तोंड माझं हाय," मोतीराम म्हणाला. "त्ये तरी शाबूत हाय." आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी कॉन्ट्रॅक्टरचा फोन आला: शनिवारपर्यंत काम, सोनियाला सगळं समजावून द्यायचं, पुढं गरज नाही. नानासाहेब स्वतः आमच्या टेबलाशी आले, कॉन्ट्रॅक्टरनं असं करायला नको होतं म्हणून हळहळले आणि मग म्हणाले, "अंगदराव, पोरीला त्ये रिस्टोअर का काय म्हणता त्ये आधी शिकवा. सोमवारच्या आत तिच्या हातनं व्हायला पायजे, आदल्या दिवसाचं. नाय जमलं तर पुण्याची पार्टी बोलवावी लागंल. मग एवढी पार्टी असताना पोरीला घेऊन काय करायचं, तुमीच सांगा." हे ते हसत म्हणाले. मालकानं विष पण वाढलं असतं तर वर तुपाची धार सोडली असती.

ते गेल्यावर मी अंगदवर तुटून पडले. म्हटलं, डिस्क खिशात घाल आणि जा. सोमवारी निरीक्षकाच्या हातात दे. मी येते सोबत. खरंच गेले असते का, देव जाणे, पण त्या वेळी मनापासून म्हणत होते.

"कुणासाठी नेऊ, ताई?" तो म्हणाला. "डिस्क दाखवली तर मोतीराममामा खोटे ठरतात. निरीक्षकांना लेखी जबाब खोटा दिलाय त्यांनी. पेन्शन सोडा, उलट तेच अडकतील. आणि सोनियाची नोकरी गेली ती गेलीच."

"आणि तुझी?"

"माझी तर कवाच नव्हती."

मला त्याचा राग आला. आजही येतो. ज्या माणसानं मालकाला तोंडावर नाही म्हटलं, तो गरिबाच्या एका वाक्यानं मोडला. मालकाला हे बरोबर ठाऊक होतं. अंगद धमकीनं वाकणार नाही, पैशानं वाकणार नाही. म्हणून त्यानं त्याच्यापुढं एक पोर आणून बसवली.

शनिवारी सोनिया आली. नवा ड्रेस, घट्ट वेणी, हातात आईनं दिलेला डबा. पोरगी चुणचुणीत होती, एकदा सांगितलेलं परत विचारायची नाही. अंगदनं तिला अशी शिकवणी दिली की पगारी मास्तर देणार नाही. पासवर्ड कुठले, प्रिंटर कधी अडकतो, कोणत्या साहेबाला कोणता फोल्डर दिसता कामा नये, सगळं. माझी ओळख करून दिली: "ह्या रूपालीताई. चिडल्या तरी ऐकून घे, पोटात काय ठेवत नायत." मी त्याच्याकडं बघितलं नाही.

दुपारी तो त्या कामावर आला. कोरं व्हर्च्युअल मशीन कसं तयार करायचं, त्याला किती जागा द्यायची, निळा पडदा आला तर काय बदलायचं, जुन्या कार्डाचा नंबर कुठं भरायचा. सोनिया करत गेली. मग पडद्यावर बॅकअपच्या तारखा आल्या, एकाखाली एक. जुना सर्व्हर गेल्यापासून नवी नक्कल निघाली नव्हती, म्हणून सगळ्यात वर खांदेमळणीचा दिवस, त्याच्या खाली आदला.

"इथं तारीख निवडायची," अंगद म्हणाला.

सोनियाचा हात माउसवर थांबला. तिला माहीत होतं. घरात रोज बापाच्या हाताचं बँडेज तीच बदलत होती, तिला माहीत नसेल कसं?

"सर, हे एवढं तुम्ही करता का?" ती हळूच म्हणाली. "बाकीचं मी करते."

"नाही. तुला हे यायला पाहिजे."

एवढं बोलून तो उठला आणि बाहेर पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभा राहिला. पाणी प्यायला नाही. मी खुर्ची वळवून बसले होते. वाटत होतं, पोरीनं रडावं, निदान माउस बाजूला ठेवून मला काही विचारावं. मी काय सांगितलं असतं ते मला ठाऊक नाही. तिनं विचारलं नाही. तिनं खालची तारीख निवडली आणि बटण दाबलं. पट्टी भरत गेली. मशीन उभं राहिलं. मग नानासाहेबांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं त्याप्रमाणं तिनं अंगदनं आधी उभं केलेलं मशीन आणि वरच्या तारखेचा बॅकअप, दोन्ही काढून टाकलं. पुसायचंच ना, असं मशीननं एकदा विचारलं. तिनं हो म्हटलं.

शेडमध्ये प्रेस चालू होत्या. मोतीरामच्या जागी नवा माणूस आला होता. तार तशीच होती.

अंगदनं परत येऊन ड्रॉवर रिकामा केला: दोन पेनं, चष्म्याचं जुनं घर, बायकोनं दिलेली बडीशेपची डबी. माझ्याशी काही बोलला नाही, मीही बोलले नाही. आमच्या पाठी इतकी वर्षं एकमेकींना लागून होत्या, समोरासमोर बोलायची सवयच नव्हती. सुटायच्या वेळी तिघं मिळून गेटपर्यंत गेलो, सोनिया पुढं, आम्ही मागं.

गेटबाहेर मोतीराम उभा होता, लेकीला घ्यायला. धुतलेला सदरा, दाढी केलेली. नोकरीच्या पहिल्या दिवशी बाप घ्यायला येतोच. त्यानं सोनियाकडं बघितलं, पण तिला काही विचारायची त्याची हिंमत झाली नसावी. त्यानं अंगदला विचारलं.

"पोरीला जमलं का, अंगदभाऊ?"

"जमलं, मामा," अंगद म्हणाला. "पयल्याच झटक्यात जमलं."

मोतीरामचा चेहरा उजळला. त्यानं गळ्यातल्या झोळीतून उजवा हात काढला आणि अंगदला दोन्ही हात जोडले, म्हणजे एक हात आणि एक बँडेज. सोनियानं मान फिरवली. अंगदनं ते दोन्ही अलगद आपल्या हातांत धरले आणि म्हणाला, "जपा, मामा. पाणी लागू देऊ नका."